नागीण: अंगावर उठते कुठून, थांबवायची कशी, आणि पहिले ७२ तास महत्त्वाचे का

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे ना', 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. घाईत असाल तर थेट 'आग शमवायची कशी' आणि 'धोक्याच्या खुणा' हे दोन भाग वाचा.)

 

आजचा विषय तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलाय. गेल्या महिन्यात इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे मेसेज येत होते. 'बाबांच्या बरगडीवर पट्ट्यासारखे फोड आलेत, शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, उतरवून घ्या.' 'रूममेटच्या पाठीवर एकाच बाजूला पुरळ आहे, आम्हालाही होईल का?' आणि एक मेसेज तर थेट असा: 'दादा, रिपोर्टवर हर्पिस लिहिलंय, घरी काय सांगू?'

तर आज नागीण. आणि नागिणीबद्दल बोलायचं तर कांजिण्यांबद्दल बोलावंच लागतं, कारण दोन्हींच्या मागे एकच व्हायरस आहे.

नेहमीची सूचना: मी डॉक्टर नाही. मी कोड लिहितो. हा भाग ऐकून स्वतःवर उपचार करायचे नाहीत. डॉक्टरकडे कधी पळायचं आणि तोपर्यंत काय करायचं, एवढं समजलं तरी माझं काम झालं.

एक व्हायरस, दोन आजार

या व्हायरसचं नाव आहे व्हॅरिसेला झोस्टर. पहिल्यांदा शरीरात शिरतो तेव्हा कांजिण्या होतात. ताप, मग चेहऱ्यावर आणि छाती-पोटावर लाल ठिपके, त्यांचे पाण्याने भरलेले फोड, मग खपल्या. कांजिण्यांची ओळख म्हणजे हे सगळं एकाच वेळी अंगावर दिसतं: इथे नवा ठिपका, तिथे फोड, पलीकडे खपली. आपल्याकडे अजूनही काही घरांत 'देवी आल्या' म्हणतात. पण देवी हा वेगळा आजार होता, वेगळ्या व्हायरसचा, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचं जाहीर केलं. कांजिण्या मात्र आहेत, आणि हॉस्टेलवर एकाला झाल्या की मजलाभर फिरतात.

एक-दोन आठवड्यांत कांजिण्या बऱ्या होतात. आपण म्हणतो, सुटलो. पण व्हायरस काही गेलेला नसतो.

पाठीच्या कण्यातून दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या निघतात. रक्ताच्या नसा नव्हे, स्पर्श, वेदना, गरम-गार या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा. प्रत्येक नसेच्या मुळाशी, कण्याच्या अगदी शेजारी, पेशींची एक छोटी गाठ असते. चेहऱ्याच्या नसांनाही अशाच गाठी असतात. कांजिण्यांच्या वेळी व्हायरस या गाठींमध्ये जाऊन बसतो. मरत नाही, वाढत नाही, नुसता पडून राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस किल झालेली नसते, स्लीपमध्ये गेलेली असते. दहा वर्षं, तीस वर्षं, साठ वर्षंसुद्धा.

त्याला झोपवून ठेवण्याचं काम आपली प्रतिकारशक्ती करते, विशेषतः टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी. वय वाढलं की हा पहारा सैल होतो. मधुमेह, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही, बराच काळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, मोठं आजारपण, यांनीही होतो. पहारा सैल झाला की एखाद्या गाठीतला व्हायरस जागा होतो, त्या एकाच नसेतून खाली सरकत त्वचेपर्यंत येतो आणि तिथे फोड उठवतो. ही नागीण.

म्हणजे नागीण बाहेरून 'लागत' नाही. ती आपल्याच आत असते.

हे कळलं कसं?

हा भाग मला फार आवडतो, कारण यात भारी मशीन वगैरे काही नाही. नुसतं नीट बघणं आहे.

१८९२ मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांच्या लक्षात आलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या लहान मुलांना कांजिण्या होतात. त्यांनी विचारलं, हे दोन आजार एकाच मुळाचे तर नाहीत?

पुढे इंग्लंडमध्ये सायरेनसेस्टर नावाच्या गावात एडगर होप-सिम्पसन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्याशी जोडलेली सुमारे साडेतीन हजार माणसं. त्यातल्या नागिणीच्या प्रत्येक पेशंटची नोंद त्यांनी १६ वर्षं ठेवली. १९२ नोंदी झाल्या. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं, आणि कांजिण्यांची साथ नसतानाही नागीण होतच राहते, हे त्यातून दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की कांजिण्यांचा व्हायरस नसांच्या गाठीत दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती एका पातळीखाली आली की उठतो. गावातला एक डॉक्टर आणि त्याची वही! नंतर प्रयोगशाळांमधून त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

एकाच बाजूला का? आणि तोंड-शेपटीचं काय?

आता मुख्य भीतीकडे येऊ. आपल्याकडे गावात काय, पुण्या-मुंबईत काय, एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: 'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो.' म्हणजे पट्टा कमरेभोवती पूर्ण फिरला की संपलं.

आधी नावाची गंमत. 'हर्पिस' हा शब्द सरपटणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. इंग्रजी 'शिंगल्स'सुद्धा पट्टा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आपण म्हणतो नागीण. म्हणजे ग्रीक माणसाला आणि आपल्या आजीला दिसलं तेच: सरपटत जाणारा पट्टा. निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष तेवढा चुकला.

पट्टा एका बाजूलाच का असतो? कारण व्हायरस एका नसेतून येतो, आणि प्रत्येक नस त्वचेच्या एका ठरलेल्या पट्टीला पुरवठा करते. उजवीकडची नस उजवी पट्टी, डावीकडची डावी. पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषेवर हद्द संपते. म्हणून फोड पाठीच्या मधोमध सुरू होतात, बरगडीवरून वळून पुढे पोटाच्या मध्याशी येऊन थांबतात. मध्यरेषेच्या पलीकडे दुसऱ्या नसेचा इलाका. १९०० मध्ये हेनरी हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागिणीच्याच पेशंटवरून या पट्ट्यांचा नकाशा काढला. आजही न्यूरोलॉजीच्या पुस्तकांत असे नकाशे असतात.

थोडक्यात, तोंड-शेपूट जुळायला दोन्ही बाजूंची, एकाच पातळीची नस एकाच वेळी उठावी लागेल. हे फार दुर्मीळ आहे. आणि एखाद्याच्या दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड पसरलेच, तर त्याचा अर्थ प्रतिकारशक्ती खूप खाली गेली आहे. धोका त्या कमी प्रतिकारशक्तीचा, पट्ट्याची टोकं जुळण्याचा नाही. अशा माणसाला उतरवायला नेऊ नका, हॉस्पिटलला न्या.

उतरवून घेतल्यावर बरं वाटतं, ते का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण तुमच्या घरात कुणीतरी म्हणणारच, 'आमच्या मामांची तर मंत्राने उतरली.' आणि ते खोटं बोलत नसतात.

नागिणीचा टाइमटेबल बघा. आधी एक ते पाच दिवस नुसती आग, टोचणी, ठणका. त्वचेवर काहीच नाही. मग लाल चट्टे, त्यावर फोडांचे झुपके. तीन ते पाच दिवस नवे फोड येत राहतात. सात ते दहा दिवसांत ते सुकून खपल्या धरतात. दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. हे बहुतेकांमध्ये आपोआप होतं. माणूस उतरवायला कधी जातो? फोड भरात असताना, पाचव्या-सातव्या दिवशी. त्यानंतर ते सुकणारच असतात. कुणी गेरू लावला, कुणी वाटलेल्या दुर्वा लावल्या, कुणी फुंकर मारली, शेवटी जो आला त्याला श्रेय मिळतं. आमच्याकडे सर्व्हर आपोआप सावरतो आणि ज्याने शेवटी रीस्टार्टचं बटण दाबलं तो हिरो होतो, तसंच.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते हातातून गेलेल्या पाच दिवसांत.

आमच्या नात्यातले एक आजोबा आहेत, सत्तरीचे, मधुमेह आहे. छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. घरच्यांनी आठ-नऊ दिवस लेप लावले, दोनदा उतरवून घेतली. फोड गेले. सगळे म्हणाले, झालं. पण आग राहिली. शर्टाचं कापड लागलं तरी कळवळायचे. पंख्याची हवा सहन होईना. उन्हाळ्यात घामाने बनियन चिकटलं की डोळ्यांत पाणी यायचं. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचे. हे जवळपास वर्षभर चाललं. डाग पुसट झाले होते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा उगाच करतो.

म्हातारा उगाच करत नव्हता. व्हायरस येताना नसेला इजा करून येतो. फोड गेल्यावरही ती नस चुकीचे सिग्नल पाठवत राहते. साधा स्पर्शसुद्धा मेंदूला वेदना म्हणून पोचतो. नागीण उठून तीन महिने झाले तरी दुखत असेल तर डॉक्टर त्याला नागिणीनंतरची नसेची वेदना म्हणतात. वय जितकं जास्त तितकी शक्यता जास्त. साध्या पेनकिलरने ती नीट आटोक्यात येत नाही. त्यासाठी गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसांवर काम करणारी औषधं असतात, ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. तुमच्या घरातलं कुणी नागिणीनंतर 'अजून आग होते' म्हणत असेल तर त्याचं खरं माना आणि त्याला परत डॉक्टरकडे न्या. त्यावर उपचार आहेत.

७२ तासांचं गणित

व्हायरसविरुद्धची औषधं आहेत: असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर. यातलं असायक्लोव्हिर ज्या टीमने आणलं, त्याचं नेतृत्व गर्ट्रूड इलियन यांच्याकडे होतं. १९८८ चं वैद्यकातलं नोबेल त्यांना दोन सहकाऱ्यांसोबत विभागून मिळालं.

औषध काम कसं करतं, ते ऐका. व्हायरसला वाढायचं तर स्वतःच्या डीएनएच्या कॉप्या काढाव्या लागतात. डीएनए म्हणजे विटांची लांबच लांब माळ. असायक्लोव्हिर ही खोटी वीट आहे. दिसायला खऱ्यासारखी, पण तिच्यापुढे दुसरी वीट जोडायला खाचच नाही. ती एकदा बसली की माळ तिथेच तुटते. आणि खरी हुशारी पुढे आहे: ही वीट 'चालू' करायला लागणारी पहिली पायरी व्हायरसचंच एंझाइम पार पाडतं. निरोगी पेशीत ते एंझाइम नसतं, म्हणून तिथे औषध जवळजवळ निष्क्रिय राहतं. चोराच्याच चावीने उघडणारा सापळा.

याच रचनेतून ७२ तासांचा मुद्दा येतो. औषध कॉप्या काढणं थांबवतं. झालेली इजा भरून काढत नाही आणि गाठीत झोपलेल्या व्हायरसला हातही लावत नाही. त्यामुळे व्हायरस जोरात वाढत असतो तेव्हाच, म्हणजे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात जास्त फायदा. फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचा ठणका लवकर कमी होतो. पुढची लांबणारी वेदना हमखास टळते, असं मात्र कुणी सांगू शकत नाही.

७२ तास उलटले म्हणून घरी बसायचं का? नाही. नवे फोड अजून येत असतील, डोळा किंवा कान सापडला असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर नंतरही औषध सुरू करतात. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं, बाकीच्या दोन गोळ्या कमी वेळा. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत. आणि नुसतं असायक्लोव्हिरचं मलम लावून नागीण आवरत नाही. औषध पोटात जावं लागतं.

आग शमवायची कशी

गोळ्या व्हायरससाठी. पण त्वचेवर जी आग आणि खाज आहे तिचं काय? घरी हे करता येतं:

१. थंड पट्टी. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट त्वचेवर नको. कापड दर वेळी धुतलेलं हवं आणि दुसऱ्या कुणी वापरायचं नाही.

२. कॅलामाइन लोशन. नागीण आणि कांजिण्या दोन्हींत खाज कमी करतं. साधं औषधी कॅलामाइन घ्या, सुगंधी, गोरेपणावालं नको. डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटून ओल्या झालेल्या जागेवर लावू नका.

३. अंघोळ करा. 'पाणी लावू नको' हा सल्ला विसरा. कोमट किंवा गार पाणी, सौम्य साबण, घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं. खाज फार असेल तर ओट्सचं बारीक पीठ पाण्यात मिसळून अंघोळ केल्यानेही आराम पडतो. बादलीत कडुलिंबाचा पाला टाकायची आजीची इच्छा असेल तर टाकू द्या, त्यावरून भांडू नका. फक्त पाला वाटून ओल्या फोडांवर चोळायचा नाही.

४. कपडे सैल आणि सुती. फोड कपड्याला घासत असतील तर न चिकटणारी गॉझ सैलसर ठेवा. त्यावर थेट कापूस नको, तो चिकटतो आणि काढताना खपली निघते.

५. नखं कापा. लहान मुलांना कांजिण्या झाल्या असतील तर आधी हेच करा. खाजवल्याने जंतू शिरतात, पू होतो, आणि कायमचे खड्डे त्यातूनच पडतात.

६. ताप आणि दुखण्यावर पॅरासिटामॉल, वयानुसार योग्य डोसमध्ये. कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही. त्याने रे सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूवर हल्ला करणारा दुर्मीळ पण जीवघेणा त्रास होऊ शकतो. कांजिण्यांत आयबुप्रोफेनही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

७. खाणं नेहमीचं. फोडणी बंद, मीठ बंद, असल्या पथ्याची गरज नाही. तोंडात फोड असतील तर मऊ भात, ताक, पेज. पाणी भरपूर.

आणि हे करायचं नाही: फोड फोडायचे नाहीत. गेरू, चुना, शेण, टूथपेस्ट लावायची नाही. घरात पडलेली खाज-गजकर्णाची ट्यूब तर मुळीच लावायची नाही. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपेची गोळी.

ओळखायची कशी?

पावसाळ्यात एक छोटा किडा दिव्यापाशी येतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने रेघेसारखा भाजल्यागत चट्टा उठतो. लोक म्हणतात, 'कोळी अंगावरून गेला असेल.' तो चट्टा आणि नागीण यात बऱ्याचदा गल्लत होते. फरक असा: किड्याचा चट्टा बहुधा सकाळी उठल्यावर अचानक दिसतो, उघड्या राहिलेल्या अंगावर, मानेवर, हातावर. नागिणीत आधी एक-दोन दिवस त्याच जागी आग किंवा ठणका असतो, मग फोडांचे झुपके, आणि तेही एकाच बाजूला.

पुरळ येण्याआधीची ही वेदना फार फसवी असते. छातीत असेल तर हार्टचं वाटतं, पोटात असेल तर अपेंडिक्स किंवा मुतखडा. म्हणून दुखणाऱ्या जागेची त्वचा रोज बघा. पण छातीत दुखतंय तर 'नागीणच असेल' म्हणून थांबायचं नाही, आधी ईसीजी.

डेंग्यूची पुरळ वेगळी असते. ती दोन्ही बाजूंना, अंगभर, सपाट लालसर असते, पाण्याचे फोड नसतात, आणि सोबत जोराचा ताप असतो. गोवरात पुरळ चेहऱ्यापासून खाली उतरत जाते, सोबत खोकला, नाक वाहणं आणि लाल डोळे. शंका असेल तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, माणूस उचलून दवाखान्यात न्या.

धोक्याच्या खुणा

यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर:

– कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेची शाखा जाते. तिथे फोड म्हणजे डोळ्याला धोका. नेत्रतज्ज्ञ लगेच. नजर जाऊ शकते.

– कानात किंवा कानाभोवती फोड, ऐकू कमी येणं, चक्कर, तोंड एका बाजूला वाकडं होणं. याला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. २०२२ च्या जूनमध्ये जस्टिन बीबरने व्हिडिओ टाकला होता ना, अर्धा चेहरा हलत नाहीये म्हणून? तो हाच आजार. तेव्हा त्याचं वय २८ होतं, त्यामुळे 'हे म्हाताऱ्यांचं दुखणं' असं समजू नका.

– फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरणं.

– कॅन्सरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही, किंवा स्टेरॉइड चालू असणाऱ्याला झालेली नागीण किंवा कांजिण्या.

– गरोदरपणात कांजिण्या, किंवा कांजिण्या झालेल्या माणसाशी संपर्क.

– खूप डोकेदुखी, मान आखडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, धाप लागणं. मोठ्या माणसांना कांजिण्या झाल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

तुमचे प्रश्न

*'आजीला नागीण झालीये, घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. बाळाला नागीण होईल का?'*
नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. फोडातल्या पाण्यात जिवंत व्हायरस असतो. ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला त्यातून कांजिण्या होतात. म्हणून सगळ्या खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे, हात धुवायचे, टॉवेल-चादर वेगळी. बाळ, गरोदर बाई आणि कमी प्रतिकारशक्तीचा माणूस यांना तेवढे दिवस लांब ठेवा. आजीला खोलीत कोंडून जेवणाचं ताट सरकवायची गरज नाही. तिच्याशी गप्पा मारा.

*'ऑफिसला जाऊ का?'*
नागीण कपड्याखाली पूर्ण झाकली जात असेल आणि बरं वाटत असेल तर जाऊ शकता. फोड ओले आहेत आणि झाकता येत नाहीत, तर नको. कांजिण्यांत मात्र सरळ घरी, शेवटची खपली धरेपर्यंत. कांजिण्या हवेतूनही पसरतात आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच.

*'रिपोर्टवर हर्पिस लिहिलंय...'*
भावा, शांत हो. हर्पिस हे व्हायरसच्या एका कुटुंबाचं नाव आहे. ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स वेगळा. रिपोर्टवर 'हर्पिस झोस्टर' असेल तर ती नागीण. तिचा शरीरसंबंधांशी काही संबंध नाही. लहानपणीच्या कांजिण्या, एवढंच. घरीही हेच सांग. आणि तो पहिला असता तरी त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, उपचार त्यालाही आहेत.

*'एकदा झाली की परत होत नाही ना?'*
बहुतेकांना एकदाच. पण परत होऊ शकते.

*'लस आहे का?'*
दोन वेगळ्या लशी आहेत. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार झालेलं त्यांनी पाहिलं होतं. भारतात ती सरकारी मोफत लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन मिळते, दोन डोस. लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील तर मोठेपणीही घेता येते, गरोदरपणात मात्र नाही. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये तिचा परिणाम ९७ टक्के दिसला. स्वस्त नाही, हजारो रुपये लागतात. पण आई-बाबांच्या वाढदिवसाला नवा फोन घ्यायचा विचार असेल तर एकदा डॉक्टरला या लशीबद्दलही विचारा, खास करून मधुमेह असेल तर.

जाता जाता

आजच्या भागातून तीनच गोष्टी लक्षात ठेवा. एका बाजूला आग आणि मागोमाग फोडांचा पट्टा म्हणजे नागीण असू शकते. पुरळ दिसली की ७२ तासांच्या आत डॉक्टर. डोळा, नाकाचा शेंडा किंवा कान असेल तर त्याच दिवशी.

घरात कुणी उतरवायला जायचंच म्हणत असेल तर वाद घालत बसू नका. त्यात वेळ जातो, आणि इथे वेळच महत्त्वाचा आहे. म्हणा, 'चला, पण आधी दवाखान्यात जाऊन येऊ.' गोळी सुरू झाली की मग हवं तिथे जाऊ द्या.

हा भाग फॅमिली ग्रुपवर नक्की टाका. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांच्या खाली टाकला तरी चालेल, ज्याच्या कामाचा आहे त्याच्यापर्यंत पोचेल. पुढच्या भागात चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी घेऊ, त्यावरही बरेच प्रश्न आलेत. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!